नोंदीबाहेर गेलेलं सॉफ्टवेअर

वसई रोड, नालासोपारा, विरार, कुठल्याही स्टेशनबाहेरच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "विंडोज मारून द्या, पण डी ड्राइव्हला हात लावू नका." मशीन रेंगाळायला लागलं किंवा व्हायरस शिरला की सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा आणि नवं विंडोज टाकायचं, हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. डी ड्राइव्हवरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, हिशोबाच्या फाइली त्यातून वाचतात. त्याच डी ड्राइव्हवर पूर्वी टाकलेले गेम आणि सॉफ्टवेअरही जसेच्या तसे राहतात. फोल्डर उघडला की सगळ्या फाइली दिसतात. पण विंडोजच्या प्रोग्रॅमच्या यादीत त्यांतलं एकही नाव नसतं. एखादा प्रोग्रॅम डबल-क्लिक केल्यावर चालतो, एखादा 'डीएलएल सापडत नाही' म्हणून अडतो, आणि काढून टाकायला गेलं तर अनइन्स्टॉलचं बटण कुठेच नसतं.

इथे फाइली गेल्या नाहीत, त्यांची नोंद गेली. कुठलं सॉफ्टवेअर टाकलंय, कोणत्या आवृत्तीचं, काढायचं असेल तर कोणता प्रोग्रॅम चालवायचा, ही माहिती विंडोज आपल्या रजिस्ट्रीत ठेवतं आणि रजिस्ट्री सी ड्राइव्हवर असते. फॉरमॅटबरोबर ती पुसली जाते. उलटा प्रकारही रोज घडतो. कोणी प्रोग्रॅमचा फोल्डर हाताने डिलीट करतं, फाइली जातात, आणि यादीतलं नाव मात्र तसंच राहतं.

लिनक्समध्ये ही नोंद ठेवण्याचं काम पॅकेज मॅनेजर करतो. उबंटूसारख्या लिनक्समध्ये ही नोंदवही उघडी असते, साध्या अक्षरांत लिहिलेली असते, कोणालाही वाचता येते. म्हणून ती बिघडते कशी हे लिनक्सवर जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. अभियांत्रिकी आणि बीएस्सी आयटीच्या मुलांच्या लॅपटॉपवर आज उबंटू सर्रास असतं. त्यांच्यापैकी अनेकांची मशीन बिघडतात ती व्हायरसमुळे नाही. एखादं सॉफ्टवेअर पॅकेज मॅनेजरला वगळून हाताने पुन्हा टाकल्यामुळे बिघडतात.

नोंद आणि वस्तुस्थिती यांतला फरक वसईच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. निर्मळ, गास किंवा आगाशीत भावाभावांची घरच्या घरी वाटणी झाली, कुंपण पडलं, केळी लागल्या, तरी सातबाऱ्यावर वडिलांचंच नाव राहतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मग गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद होते आणि ती मंजूर झाल्यावर सातबारा बदलतो. कोणाचं कुंपण कुठे सरकलं हे पाहत तलाठी रोज शिवारात हिंडत नाही. पॅकेज मॅनेजरचा कारभार असाच चालतो. तो डिस्कवर हिंडत नाही, आपलं दप्तर वाचतो. आणि त्या दप्तरात फेरफार होतो तो फक्त त्याच्या हातून झालेल्या कामाचा.

उबंटू आणि त्याचं मूळ असलेलं डेबियन यांच्यात हे दप्तर 'व्हार' फोल्डरातल्या 'लिब', त्यातल्या 'डीपीकेजी' या जागी असतं. तिथली 'स्टेटस' नावाची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. प्रत्येक पॅकेजचा एक परिच्छेद: नाव, आवृत्ती, बसवलंय की अर्धवट राहिलंय, आणि त्याला आणखी कोणकोणती पॅकेजं लागतात. शेजारच्या 'इन्फो' फोल्डरात प्रत्येक पॅकेजच्या दोन याद्या असतात. एकीत त्या पॅकेजने डिस्कवर ठेवलेल्या एकूण एक फाइलींचे पत्ते. दुसरीत त्या फाइलींच्या मजकुरावरून काढलेला एमडी५ नावाचा ठसा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. पॅकेज काढायचा हुकूम मिळाला की पहिली यादी वाचून तेवढ्याच फाइली उडवल्या जातात. यादीत नसलेल्या फाइलीला डीपीकेजी, म्हणजे इथला पॅकेज मॅनेजर, हातही लावत नाही, मग ती त्याच सॉफ्टवेअरची का असेना.

ही व्यवस्था येण्याआधी युनिक्सच्या जगात सॉफ्टवेअर म्हणजे सोर्स कोडची गाठोडी असत. ती सोडवायची, कंपाइल करायची, 'मेक इन्स्टॉल' म्हणायचं, आणि फाइली डिस्कभर पांगायच्या. काय कुठे गेलं हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. इयन मर्डॉक या अमेरिकी विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली आणि जानेवारी १९९४ मध्ये डीपीकेजीचं पहिलं रूप लिहिलं. तेव्हा ती साधी शेल स्क्रिप्ट होती. त्याच वर्षी इयन जॅक्सनने त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला. रेड हॅटचा आरपीएम हा पॅकेज मॅनेजर १९९५ मध्ये आला. पुढे मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर ॲप्ट आलं. डीपीकेजी आणि ॲप्ट या दोघांमधली कामाची वाटणी नीट लक्षात ठेवावी, कारण बरेच घोळ तिथेच होतात. फाइली बसवणं आणि त्यांची नोंद ठेवणं हे डीपीकेजीचं काम. ते पॅकेज कुठल्या भांडारातून आणायचं, त्याची नवी आवृत्ती आली का, बरोबर आणखी काय आणावं लागेल, हे ॲप्ट बघतं.

आता समजा, ॲप्टने बसवलेल्या एखाद्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती कोणी सोर्समधून कंपाइल केली आणि थेट 'यूएसआर' फोल्डरात, जुन्याच्या डोक्यावर टाकली. प्रोग्रॅम चालतो, नवी आवृत्ती दाखवतो. पण 'स्टेटस' फाइलीत जुनाच आकडा आहे. महिन्याभराने त्या पॅकेजचं अपडेट येतं. डीपीकेजी यादी वाचतो आणि आपल्या फाइली त्या जागी ठेवून मोकळा होतो. हाताने टाकलेली आवृत्ती कसलीही सूचना न देता नाहीशी होते. नव्या आवृत्तीने ज्या जास्तीच्या फाइली आणल्या होत्या त्या मात्र उरतात, कारण त्या कोणाच्याच यादीत नाहीत. अर्ध्या फाइली जुन्या, अर्ध्या नव्या, आणि प्रोग्रॅम सुरू होताच कोसळतो.

डीपीकेजी इतका बेफिकीर का, असं वाटेल. खरं तर तो एका बाबतीत फार काटेकोर आहे. नव्या पॅकेजातली फाइल दुसऱ्या नोंदलेल्या पॅकेजच्या फाइलीवर पडणार असेल तर तो तिथेच थांबतो आणि ती कोणाची आहे ते नावासकट सांगतो. पण जी फाइल कोणाच्याच नावावर नाही तिच्यासाठी विचारायचं कोणाला? तो तिच्यावर लिहितो. सेटिंगच्या फाइली तेवढ्या अपवाद. 'ईटीसी' फोल्डरातली फाइल माणसाने बदललेली आढळली आणि नव्या पॅकेजातही ती बदललेली असेल तर अपडेटच्या वेळी डीपीकेजी थांबून विचारतो की तुमची ठेवू की माझी. सेटिंग माणूस बदलणारच हे डेबियनवाल्यांनी धरलेलं होतं. प्रोग्रॅमच्या फाइली मात्र पूर्णपणे पॅकेज मॅनेजरच्या ताब्यात, असा करार आहे. हाताने वरून टाकणारा माणूस हा करार मोडतो, आणि बहुतेकदा त्याला तो ठाऊकच नसतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण त्यात माणूस नियमाने वागलेला असतो. हाताने टाकायच्या सॉफ्टवेअरसाठी लिनक्समध्ये 'यूएसआर'च्या आत 'लोकल' नावाची वेगळी जागा राखलेली आहे. डेबियनचं धोरण पॅकेजांना तिथे फाइली ठेवू देत नाही, त्यामुळे दोघांची टक्कर होत नाही. पण कमांड शोधताना लिनक्स 'यूएसआर-लोकल'मध्ये आधी बघतं आणि 'यूएसआर-बिन'मध्ये नंतर. म्हणजे हाताने टाकलेला प्रोग्रॅम पुढे उभा राहतो आणि ॲप्टचा त्याच्यामागे झाकला जातो. ॲप्ट इमानदारीने मागच्याला अपडेट करत राहतं, सगळं ताजं आहे असं सांगतं. चालतो मात्र पुढचा, दोन वर्षांपूर्वी टाकलेला. ॲप्ट खोटं बोलत नाही. त्याच्याकडे असलेल्या प्रतीबद्दल ते अगदी खरं सांगत असतं.

पायथॉनच्या बाबतीत हे फार जवळून पाहता येतं. उबंटू २२.०४ बरोबर पायथॉन ३.१० येतं. प्रोजेक्टसाठी लागणारी एखादी लायब्ररी त्याहून नवं पायथॉन मागते. विद्यार्थी सोर्स उतरवतो, कंपाइल करतो. इथे पायथॉनच्या निर्मात्यांनी आधीच सावध केलेलं आहे: 'मेक इन्स्टॉल'ऐवजी 'मेक ऑल्टइन्स्टॉल' वापरा. तसं केलं की नवं पायथॉन आपल्या आवृत्तीच्या नावानेच बसतं आणि नुसत्या 'पायथॉन३' या नावावर हक्क सांगत नाही. ही सूचना वाचायची राहून जाते. किंवा ती पाळूनही पुढची पायरी चुकते: 'यूएसआर-बिन'मधला 'पायथॉन३' हा दुवा नव्या आवृत्तीकडे वळवला जातो, म्हणजे कुठूनही नवंच चालेल.

त्यानंतर जे घडतं ते पाहून भलेभले गोंधळतात. 'ॲप्ट अपडेट' चालवलं की शेवटी 'ॲप्ट_पीकेजी नावाचं मॉड्यूल सापडत नाही' अशी एरर येते. टर्मिनलच्या आयकॉनवर क्लिक केलं तर टर्मिनल उघडतच नाही. कारण उबंटूचे स्वतःचे कितीतरी भाग पायथॉनमध्ये लिहिलेले आहेत. टर्मिनल सुरू करणारी छोटी स्क्रिप्टसुद्धा. त्यांना लागणारी मॉड्यूल्स ३.१० साठी बांधलेली असतात, नव्या आवृत्तीला ती चालत नाहीत. इतकं होऊनही डीपीकेजीला विचारलं तर उत्तर येतं: पायथॉन ३.१०, व्यवस्थित बसवलेलं. त्याची पडताळणी फाइलींचे ठसे तपासते. दुवा कुठे बोट दाखवतो हे ती पाहत नाही. अशा वेळी मुलं घाबरून सगळं उबंटूच पुन्हा टाकतात. खरं तर कीबोर्डवर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जायचं, लॉगिन करायचं आणि तो एक दुवा परत ३.१० कडे वळवायचा, एवढंच काम असतं.

पायथॉनला स्वतःचा पॅकेज मॅनेजरही आहे, पिप. म्हणजे एकाच मशीनवर दोन दप्तरं. ॲप्टने टाकलेली लायब्ररी पिपने बदलायची म्हटली की दोघांचा गुंता होतो. २०१८ मध्ये आलेल्या पिप १० पासून काही जुन्या पद्धतीने बसवलेल्या लायब्रऱ्या काढायला तो सरळ नकार देतो, आणि कारण सांगतो की यातल्या कोणत्या फाइली हिच्या आहेत हे मला खात्रीने ठरवता येत नाही, काढलं तर अर्धवट निघेल. मला हा नकार फार प्रामाणिक वाटतो. पुढे जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने दारच बंद केलं. तिथे साधं 'पिप इन्स्टॉल' म्हटलं की ते अडवतं आणि सांगतं की हे पायथॉन बाहेरच्या व्यवस्थापकाच्या ताब्यात आहे, तुम्ही आपलं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. तरीही हट्ट असेल तर जो पर्याय लिहावा लागतो त्याचं नावच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं ठेवलेलं आहे. अडलेली मुलं तो पर्याय कुठूनतरी उचलून जसाच्या तसा टाकतात. तो टाकण्याआधी त्याचं नाव एकदा मोठ्याने वाचावं, एवढं तरी शिकवणाऱ्यांनी सांगायला हवं.

तिसऱ्या प्रकारात नोंद असते, पण तिचा उगम हरवलेला असतो. एखाद्या कंपनीच्या साइटवरून 'डेब' फाइल, म्हणजे तयार पॅकेज, उतरवून डबल-क्लिक केली तर डीपीकेजीकडे रीतसर नोंद होते. पण ॲप्टला ठाऊक असलेल्या कुठल्याच भांडारात ते पॅकेज नसेल तर यादीत त्याच्यापुढे 'लोकल' असा शेरा येतो. काढता येतं, पण अपडेट कधीच येणार नाही. गूगल क्रोमची डेब फाइल बसताना स्वतःचं भांडारही ॲप्टच्या यादीत घालते, म्हणून क्रोम अपडेट होत राहतं. सगळे निर्माते एवढी तसदी घेत नाहीत. शिवाय उबंटूची मोठी आवृत्ती बदलताना बाहेरची भांडारं तात्पुरती बंद केली जातात. ती पुन्हा चालू करायची राहिली तर कालपर्यंत अपडेट होणारं सॉफ्टवेअर आज गोठतं आणि पडद्यावर काहीच दिसत नाही.

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांसाठी ईसिम हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर आलं. ते उबंटूवर झिप फाइल आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट या रूपात मिळतं. अशा चांगल्या, उपयोगी सॉफ्टवेअरची स्क्रिप्ट काही भाग ॲप्टकडून मागवते आणि काही स्वतः ठेवते. पहिल्याची नोंद दप्तरात असते, दुसऱ्याची त्या स्क्रिप्टलाच माहीत असते. म्हणून ते काढायचं असेल तर त्याच्याबरोबर आलेली स्क्रिप्टच चालवावी. फोल्डर उडवणं म्हणजे काढणं नव्हे.

मराठी माणसाच्या अगदी रोजच्या वापरातलं उदाहरण फॉन्टचं आहे. लोहित ही फॉन्टमालिका मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवली आणि रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुली केली. डेबियन-उबंटूत लोहित देवनागरी पॅकेज म्हणून मिळतो. पण फॉन्टची फाइल उतरवून डबल-क्लिक करायची सवय आपल्याला विंडोजने लावली. उबंटूत तसं केलं तर फॉन्ट वापरणाऱ्याच्या होम फोल्डरात जाऊन बसतो, आणि तो भाग पॅकेज मॅनेजरच्या हद्दीबाहेरचा. मग दोन लोहित नांदतात. पॅकेज काढलं तरी फॉन्ट यादीत दिसतोच, आणि एखादं जोडाक्षर तुटत असेल तर ते कुठल्या प्रतीमुळे तुटतंय हे शोधायला अर्धा दिवस जातो.

लोक असं का करतात? आळसाने नक्कीच नाही, हाताने कंपाइल करायला बरीच मेहनत लागते. आकडा पाहून करतात. निर्मात्याच्या साइटवर मोठा आकडा आहे आणि आपल्याकडे लहान, म्हणजे आपलं जुनं, असुरक्षित, अशी समजूत. ही समजूत किती महागात पडू शकते ते ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेल्या हार्टब्लीडच्या वेळी दिसलं. ओपनएसएसएल ही लायब्ररी जगभरच्या वेबसाइटींची गुप्त देवाणघेवाण सांभाळते. तिच्यातल्या एका चुकीमुळे दूरवरचा माणूस सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे पुन्हा पुन्हा वाचू शकत होता, आणि त्यांत पासवर्ड, गुप्त किल्ल्या, काहीही असू शकत होतं. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती केली ती १.०.१जी या आवृत्तीत. डेबियनने मात्र आपली १.०.१ई हीच आवृत्ती ठेवली, फक्त चुकीची जागा दुरुस्त केली आणि पॅकेजच्या आकड्याला 'डेब७यू५' असं शेपूट जोडलं. स्थिर वितरणांची ही नेहमीची रीत आहे. बाकी काही न हलवता दुरुस्ती तेवढी मागच्या आवृत्तीत आणायची, म्हणजे त्यावर चालणारे इतर प्रोग्रॅम मोडत नाहीत.

आता 'ई' म्हणजे 'जी'च्या मागचं, असं समजून ज्याने घाईने सोर्समधून ओपनएसएसएल टाकलं, त्याने त्या दिवशीची चूक कदाचित टाळली. पण त्या दिवसापासून ओपनएसएसएलची प्रत्येक नवी दुरुस्ती शोधून आणायचं काम त्याने आपल्या अंगावर घेतलं, आणि ते घेतलंय हे त्याला कळलंही नाही. माझ्या मते पॅकेज मॅनेजरच्या दप्तराचा खरा अर्थ हाच आहे. कोणती फाइल कुठे आहे एवढंच त्यात लिहिलेलं नसतं. यापुढे तिची काळजी कोण घेणार हेही त्यात लिहिलेलं असतं. नोंदीत असेल तर डेबियनची सुरक्षा टीम. नोंदीबाहेर असेल तर तुम्ही.

नोंदीत आहे म्हणजे चांगलंच आहे, असंही नाही. २९ मार्च २०२४ रोजी आन्द्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएलच्या विकासकाने जाहीर केलं की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरली आहे. दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून तो मागावर गेला होता. पेरलेला कोड डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जात असतानाच जागा होईल अशी योजना होती, म्हणजे हाताने कंपाइल करणारा उलट वाचला असता. तरीही त्या आठवड्यात नोंदवहीची किंमत कळली. आपल्याकडे ती आवृत्ती आहे का, याचं उत्तर एका कमांडमध्ये मिळत होतं. आणि डेबियनने नवी आवृत्ती काढली ती '५.६.१+रियली५.४.५' या नावाने. पॅकेज मॅनेजर आपणहून मोठ्या आकड्यावरून लहान आकड्याकडे जात नाही, म्हणून आकडा पुढचा आणि आतला माल मागचा, अशी ती तोड होती.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. मोठ्या संस्थांनी प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात काय काय आहे हे लिहून ठेवावं, असा त्यांचा रोख आहे. घरच्या मशीनवर ही यादी आयती मिळते. ती आपण आपल्या हाताने खोटी पाडू नये.

विंडोजवर २०२१ मध्ये विनगेट या पॅकेज मॅनेजरची पहिली पक्की आवृत्ती आली. 'विनगेट लिस्ट' चालवलं की मशीनवरचं सगळं सॉफ्टवेअर दिसतं, पण शेवटचा स्रोताचा रकाना काही नावांपुढे रिकामा असतो. रजिस्ट्रीतली नोंद सापडली, भांडारातल्या कुठल्याही पॅकेजशी ती जुळवता आली नाही, असा त्याचा अर्थ. अशा सॉफ्टवेअरला विनगेट अपडेट करत नाही. एखादं सॉफ्टवेअर काढून दुसऱ्या प्रकारच्या इन्स्टॉलरने परत टाकलं की हा रकाना कधीकधी रिकामा होतो. मॅकवर होमब्रू या पॅकेज मॅनेजरचंही दुखणं याच जातीचं. होमब्रूने टाकलेलं ॲप उडवून साइटवरून उतरवलेली प्रत त्या जागी ठेवली तर होमब्रूच्या दप्तरात जुनाच आकडा राहतो. उलट, आधीच हाताने ठेवलेलं ॲप होमब्रूच्या ताब्यात द्यायचं असेल तर त्याच्याकडे 'ॲडॉप्ट' नावाचा पर्याय आहे.

मोबाइलवर अँड्रॉइडने हा प्रश्न जास्त कडकपणे हाताळला. प्रत्येक ॲपवर निर्मात्याची डिजिटल सही असते आणि सही जुळली नाही तर जुन्यावर नवं बसतच नाही. म्हणून एफ-ड्रॉइड या दुसऱ्या ॲप स्टोअरने स्वतःच्या सहीने दिलेलं ॲप प्ले स्टोअर अपडेट करू शकत नाही, आधी ते काढावं लागतं आणि त्याबरोबर त्यातला डेटाही जातो. ॲप कोणी बसवलं याचीही नोंद फोन ठेवतो. २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून ॲप बसवणारं स्टोअर पुढच्या अपडेटची मालकी आपल्याकडे घेऊ शकतं आणि दुसऱ्या कोणी अपडेट करायला आलं तर फोन मालकाला विचारतो. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल बसवू नका असं सगळे सांगतात ते फसवणुकीच्या भीतीने, आणि ते बरोबरच आहे. पण फाइल अगदी सज्जन असली तरी तिचं पुढचं अपडेट आणणारं कोणी नसू शकतं, हेही त्या सल्ल्यात यायला हवं.

वसई-विरारमधल्या बहुतेक घरांत एकच लॅपटॉप असतो, पुष्कळदा सेकंडहॅण्ड. त्यावर मुलीचं प्रोजेक्ट, वडिलांचं नेटबँकिंग आणि परीक्षेचे फॉर्म सगळं चालतं. ऑफिसात असतो तसा आयटी विभाग त्या घरात नसतो. म्हणून तपासणी स्वतःलाच यायला हवी, आणि ती अवघड नाही. एखादी कमांड नेमकी कुठून चालते हे 'विच' सांगतं. तो पत्ता डीपीकेजीला 'डॅश मोठा एस' लावून विचारला की ती फाइल कोणाच्या नावावर आहे ते कळतं. कोणाच्याच नाही असं उत्तर आलं तर ती हाताने आलेली समजावी. उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'बिन' आणि 'यूएसआर-बिन' एकच झाल्यामुळे काही वेळा नोंद 'बिन'च्या पत्त्यावर सापडते, तेवढं पडताळून बघावं. 'डॅश मोठा व्ही' लावून चालवलं की डीपीकेजी सगळ्या फाइलींचे ठसे ताडून पाहतो. ज्या ओळीत प्रश्नचिन्हांच्या रांगेत मधेच ५ हा आकडा दिसेल, ती फाइल मूळची राहिलेली नाही. ओळीत 'सी' अक्षर असेल तर ती सेटिंगची फाइल आहे, तिथे काळजीचं कारण नाही. बाकीच्यांसाठी त्या पॅकेजला ॲप्टकडून 'रीइन्स्टॉल' करून घ्यायचं. पुन्हा टाकायचंच असेल तर ते दप्तर ज्याच्याकडे आहे त्याच्याच हातून.

खरोखर नवी आवृत्ती लागत असेल तर हाताने टाकणं हा गुन्हा नाही. फक्त तिची नोंद कुठेतरी हवी. 'चेकइन्स्टॉल' हे साधन 'मेक इन्स्टॉल'वर नजर ठेवतं, कोणत्या फाइली कुठे गेल्या ते टिपतं आणि त्यांचं डेब पॅकेज करून डीपीकेजीच्या हवाली करतं. जीएनयूचं 'स्टो' प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या फोल्डरात ठेवून 'यूएसआर-लोकल'मध्ये नुसते दुवे देतं, त्यामुळे काढताना दुवे काढले की झालं. एखादं पॅकेज जसं आहे तसंच ठेवायचं असेल तर 'ॲप्ट-मार्क होल्ड' आहे, पण होल्ड म्हणजे सुरक्षेची अपडेटंही थांबली, हे विसरू नये. एल्को डोल्स्ट्राने नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात मांडलेल्या निक्स या पॅकेज मॅनेजरने तर प्रत्येक पॅकेजला त्याच्या घडणीवरून काढलेल्या लांबलचक खुणेच्या फोल्डरात ठेवलं, म्हणजे एकाने दुसऱ्यावर लिहिण्याचा प्रसंगच येत नाही. कल्पना सुरेख आहे, शिकायला मात्र वेळ लागतो. कॉलेजच्या सामाईक लॅबमध्ये आजच्या घडीला मला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि 'यूएसआर-लोकल' एवढ्या दोन सवयी पुरेशा वाटतात.

दप्तरच खराब झालं, म्हणजे वीज जाऊन 'स्टेटस' फाइल रिकामी झाली, तर 'व्हार' फोल्डरातल्या 'बॅकअप्स'मध्ये डेबियनने तिच्या मागच्या काही प्रती ठेवलेल्या असतात. सर्वांत ताजी शून्य क्रमांकाची. ती परत जागेवर ठेवली की नोंदवही बहुतांशी उभी राहते.

हाताने टाकलेल्याला अशी प्रत नसते. सीमेक या बिल्ड साधनाने बांधलेलं सॉफ्टवेअर बसवताना बिल्डच्या फोल्डरात 'इन्स्टॉल मॅनिफेस्ट' नावाची टेक्स्ट फाइल तयार होते, आणि कुठल्या फाइली कुठे ठेवल्या हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. काम झालं, जागा अडते, म्हणून मुलं तो सबंध फोल्डर उडवून टाकतात. आधी तेवढी एक फाइल सॉफ्टवेअरच्या नावाने दुसरीकडे कॉपी करून ठेवावी.